नवी मुंबई–लंडन: ८,७०० किलोमीटर रेंजचं विमान ७,२०० किलोमीटरला काठावर का येतं?

खारघरच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलंय: "मुंबई-नवी मुंबईहून लंडन सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर. ए३२१ एक्सएलआरची रेंज एअरबस ८,७०० किलोमीटर सांगते. म्हणजे दीड हजार किलोमीटर शिल्लक. मग नव्या विमानतळावरून या छोट्या विमानाने लंडनची सेवा सुरू करायला काय हरकत आहे? दुप्पट मोठं विमान कशाला? नव्या आंतरराष्ट्रीय मार्गासाठी कंपन्या विमान नेमकं ठरवतात कसं?"

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. सुरुवातीची सहा वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली, त्यानंतरची सोळा नेटवर्क प्लॅनिंगमध्ये. त्यामुळे हा प्रश्न मी दोन्ही टेबलांवरून पाहिलाय: मार्ग कागदावर आखणाऱ्यांच्या आणि रात्री दोन वाजता ते विमान प्रत्यक्ष सोडणाऱ्यांच्या. तुमची वजाबाकी बरोबर आहे. फक्त ज्या दोन आकड्यांची वजाबाकी केलीत, ते दोन्ही आकडे प्रत्यक्ष उड्डाणाचे नाहीत.

आधी ८,७०० बघू. निर्मात्याची रेंज सांगते की सगळ्या सीटवर माणसं, त्यांच्या बॅगा, पोटात कार्गो शून्य आणि वारा शून्य असताना विमान किती लांब जाईल. त्यात केबिनही निर्मात्याने गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात कंपनी बिझनेस क्लासच्या जड सीट बसवते, दोन वेळचं गरम जेवण चढवते, ट्रॉल्या, पाणी, ब्लँकेटं, स्क्रीन आणते. हे सगळं वजनच.

आता ७,२००. हे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर आहे. त्या दोऱ्यावरून आपल्याला जाता येत नाही. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद आहे. दिल्लीच्या मानाने मुंबईला वळसा कमी पडतो, कारण आपण तसेही अरबी समुद्रावरूनच पश्चिमेला निघतो. पण पुढे आखात, इराक, तुर्कस्तान या पट्ट्यात कुठला रस्ता कधी बंद होईल याचा भरवसा नाही. म्हणून प्लॅनिंगमध्ये मी ७,६०० किलोमीटरच्या खाली हिशेब धरणार नाही.

त्यात वारा. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा जेट स्ट्रीम जोरात असतो आणि लंडनला जाताना तो समोरून लागतो. समजा सगळ्या प्रवासाची सरासरी काढून समोरचा वारा ताशी ६० किलोमीटर आहे. ए३२१ हवेत ताशी साधारण ८३० किलोमीटरने जातं, म्हणजे जमिनीच्या हिशेबात ७७०. ७,६०० भागिले ७७० म्हणजे जवळजवळ ९ तास ५० मिनिटं. एवढा वेळ हवेत ८३० च्या वेगाने काढला, तर विमानाच्या दृष्टीने अंतर झालं ८,२०० किलोमीटरच्या आसपास. आम्ही याला हवेतलं अंतर म्हणतो आणि इंधन त्या अंतराचं जळतं. तुमचे दीड हजार किलोमीटर आता पाचशेवर आले, आणि जड केबिनचा हिशेब अजून बाकीच आहे.

म्हणून 'हे विमान तिथे पोहोचेल का' असा प्रश्न आम्ही विचारत नाही. आम्ही विचारतो की वर्षातल्या वाईट दिवसांतही ते किती वजन घेऊन पोहोचेल. सरासरी वाऱ्यावर मार्ग आखत नाहीत. त्या मोसमातल्या १०० पैकी ८५ दिवसांना पुरेल असा वारा धरतात. उरलेल्या १५ दिवसांत काहीतरी मागे ठेवायची तयारी ठेवावी लागते.

वजनाचं गणित एकदा हाताने करून बघा, मग मनात पक्कं बसेल. एक्सएलआरचं कमाल टेकऑफ वजन १०१ टन. तासाला ढोबळ अडीच टन इंधन धरा. दहा तासांचं झालं २५ टन. नियमाने त्याहून जादा लागतं: वाटेतल्या अनपेक्षित गोष्टींसाठी साधारण ५ टक्के, लंडनला उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर ३० मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं. सगळं मिळून २९ टनांच्या घरात जातं. एक प्रवासी आणि त्याचं सामान मिळून १०० किलो धरलं, तर १९० जणांचे १९ टन. १०१ मधून हे ४८ टन वजा केले की ५३ उरतात, आणि रिकामं विमान, केबिन, जेवण, कर्मचारी हे सगळं तेवढ्यातच बसवावं लागतं. एवढ्यात विमानाचं वजन काठावर येतं, आणि कार्गोला जागाच राहत नाही.

काठावर असताना नियम सोपा आणि निर्दय असतो: एक किलो इंधन वाढलं की एक किलो माणूस किंवा सामान कमी. एखाद्या रात्री मार्ग बदलून प्रवास तासभर लांबला, तर अडीच टन इंधन जास्त. म्हणजे सामानासकट २५ प्रवासी कमी. टाक्याच भरल्या असतील तर आणखी वाईट, कारण इंधन वाढवता येत नाही, विमान हलकं करणं एवढाच मार्ग उरतो आणि त्यासाठी त्याहूनही जास्त वजन उतरवावं लागतं.

हे मी नुसत्या पुस्तकातून सांगत नाहीये. डिस्पॅचमध्ये असताना एका कंपनीत (नाव महत्त्वाचं नाही) आमचं एक नॅरोबॉडी (सीटच्या मधून एकच वाट असलेलं छोटं) विमान पश्चिमेकडच्या लांब मार्गावर जायचं. जानेवारीतली रात्र होती. चेक-इन पूर्ण झालं आणि वाऱ्याचा नवा अंदाज आला. इंधन दोन टनांहून जास्त वाढलं. माणसं आत बसलेली, तेव्हा सामान उतरवायचं ठरलं. शंभराच्या आसपास बॅगा डांबरावर राहिल्या आणि विमान वेळेत गेलं. त्यातली एक बॅग डोंबिवलीच्या एका काकूंची होती. त्या लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. बॅगेत डिंकाचे लाडू, आळीव, सुंठ आणि जुन्या नऊवारींची शिवलेली दुपटी. त्या दुसऱ्या दिवशी तिथून फोन करत होत्या आणि तो फोन माझ्या टेबलावर आला. बॅग तिसऱ्या दिवशी पोहोचली, त्याच्या आदल्या रात्री बाळ झालं होतं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अहो, पहिलं दुपटं आजीचं असतं." त्या मार्गावर ते विमान लावायचं ठरवणाऱ्यांच्या तक्त्यात सरासरी वाऱ्याने सगळं बरोबर बसत होतं. प्लॅनिंगमध्ये आल्यावर मी पहिला आग्रह हाच धरला, की काठावरच्या मार्गावर हिवाळ्यात काही सीट विकायच्याच नाहीत. महसुलाची माणसं भांडतात, आजही भांडतात. पण मागे ठेवायचंच असेल तर ते तिकीट विकण्याआधी ठेवावं, विमानतळावर नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, मोठं विमान कशाला. इथे बऱ्याच जणांचा समज असतो की मोठं विमान म्हणजे माणशी स्वस्त. इंधनापुरतं बोलायचं तर हे खरं नाही. बोइंगचं मोठं ७८७-९ ढोबळमानाने तासाला साडेपाच टन इंधन पितं. ३०० सीट धरल्या तर दर सीटला तासाला १८ किलो. ए३२१ निओ कुळातल्या विमानाचं (एक्सएलआर त्यातलंच) अडीच टन आणि १९० सीट म्हणजे १३ किलो. ७८७ वेगवान असल्याने हा फरक थोडा कमी होतो, पण छोटं विमान माणशी कमीच जाळतं. तरीही लांबच्या मार्गावर मोठं विमान का जिंकतं? एक कारण म्हणजे ते काठावर नसतं. ७८७-९ ची रेंज सुमारे १४,००० किलोमीटर आहे, त्यामुळे लंडनला जाताना त्याला वारा, वळसा, पाऊस यांची चिंता नाही, आणि सगळे प्रवासी बसवूनही पोटात कित्येक टन कार्गो जातो.

आपल्या भागासाठी कार्गोला मी फार महत्त्व देते. एप्रिल-मेमध्ये पहाटे वाशीच्या मार्केटला उभं राहून बघा. देवगड-रत्नागिरीच्या पेट्या उतरतात आणि त्यातला काही माल परदेशी जातो. हापूसला वेळ नसतो, तो प्रवासी विमानाच्या पोटातून जातो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औषधं, सुटे भाग, सॅम्पल यांचंही तसंच. हा माल बाराही महिने आला, तर प्रवासी कमी असलेल्या फेब्रुवारीत फेरीचा तोटा तो भरून काढतो. एक्सएलआर लंडनला लावलं तर हे उत्पन्न शून्य धरायचं. वाशीचा ट्रान्सपोर्टवाला छोटा हत्ती लावायचा की दहा टायरचा ट्रक हे ठरवताना गाडी कुठवर जाईल असं विचारत नाही. पेट्या किती, रस्ता कसा आणि परतीचं भाडं मिळणार का, हे विचारतो.

मोठ्या विमानाचं आणखी एक बलस्थान म्हणजे वेळ. ७८७ हवेत ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातं. वरच्याच वाऱ्यात आणि वरच्याच मार्गावर त्याला धावपट्टीपर्यंतच्या वेळासकट ९ तास ४० मिनिटं लागतील, एक्सएलआरला साडेदहा. परतताना वारा पाठीमागून, म्हणून अनुक्रमे ८ तास २५ मिनिटं आणि ९ तास ५ मिनिटं. लंडनला दोन तास आणि इकडे अडीच तास जमिनीवर धरले, तर ७८७ ची फेरी २२ तास ३५ मिनिटांत पूर्ण होते आणि एक्सएलआरची २४ तास ५ मिनिटांत. ती पाच मिनिटं फार महाग आहेत. रोज सेवा द्यायची तर फेरी २४ तासांत बसली पाहिजे. नाही बसली तर दुसरं विमान त्या मार्गात अडकतं. छोटं विमान लवकर साफ होतं, लवकर भरतं, हे मान्य. पण हिथ्रोसारख्या ठिकाणी सुटण्याची वेळ तुमच्या सोयीने मिळत नाही, ती स्लॉट ठरवतो, म्हणजे उतरायला-सुटायला विमानतळावर मिळालेली नेमून दिलेली वेळ. आणि वाचवलेला तास पहिल्या धुक्याच्या दिवशी जातो.

स्लॉटचा विषय निघाला म्हणून अंतराशी अजिबात संबंध नसलेलं एक उदाहरण. मुंबई-दुबई जेमतेम १,९०० किलोमीटर. अंतराने बघितलं तर कुठलंही ए३२० पुरेल. तरी २०१४ पासून एमिरेट्स ए३८० हे दुमजली महाकाय विमान घेऊन मुंबईला येऊ लागली. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकावेळी खऱ्या अर्थाने एकच चालते आणि नवा स्लॉट मिळणं मुश्कील. फेरी वाढवता येत नसेल तर विमान वाढवायचं. उलट बाजूने, दोन देशांमधला हवाई करार काय मोजतो हेही बघावं लागतं. दुबईबरोबरचा आपला करार सीट मोजतो, आठवड्याला सुमारे ६६ हजार. काही देशांबरोबरचे करार फेऱ्या मोजतात. फेऱ्या मोजणाऱ्या करारात छोटं विमान पाठवणं म्हणजे हक्काची फेरी अर्धी रिकामी वापरणं.

नवी मुंबईत सध्या स्लॉटची ती टंचाई नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली, सुरुवात देशांतर्गत फेऱ्यांनी झाली. धावपट्टी ३,७०० मीटरची आणि जागा समुद्रसपाटीला, त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यातही जड विमानाला वजन कमी करायची वेळ सहसा येणार नाही. अडचण येऊ शकते ती पावसाळ्यात परतताना. पर्यायी विमानतळ म्हणून जुनं मुंबई विमानतळ इतकं जवळ आहे, की उलव्यावर धो धो कोसळत असताना सांताक्रूझलाही तेच असतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी पर्याय अहमदाबाद किंवा हैदराबाद धरते, आणि तिथवरचं इंधन लंडनहूनच घेऊन यावं लागतं. परतीला वारा पाठीशी असल्याने ते जमतं, पण विसरून चालत नाही.

आत्तापर्यंतचं सगळं मी असं लिहिलंय जणू मार्ग आधी ठरतो आणि मग बाजारात जाऊन विमान आणतात. वस्तुस्थिती बहुतेक वेळा उलटी असते. विमानं मागवून हातात यायला वर्षं लागतात. त्यामुळे प्लॅनिंगच्या बैठकीत खरा प्रश्न असतो: पुढच्या हिवाळ्यात आपल्याकडे हे एक विमान मोकळं आहे, ते कुठे लावू? इंडिगोने २०२४ मध्ये ३० ए३५० (एअरबसची लांब पल्ल्याची मोठी विमानं) मागवली, पण युरोपला जायला ती येईपर्यंत थांबली नाही. जुलै २०२५ मध्ये नॉर्स कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या ७८७-९ विमानांनी मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅम सुरू केलं. भाड्याचं विमान महाग पडतं, पण मार्ग चालतो की नाही ते आधी कळतं, स्लॉट हातात येतो, प्रवाशांना सवय लागते. मला ही पद्धत पटते.

हातातल्या विमानाचा आणखी एक अर्थ म्हणजे पायलट. ए३२० चालवणारा पायलट थोड्या प्रशिक्षणाने एक्सएलआर चालवू शकतो, कुळ एकच. ७८७ साठी वेगळं रेटिंग (ते विमान चालवायची वेगळी पात्रता), वेगळे सिम्युलेटर, वेगळे सुटे भाग, राखीव इंजिन. दोनच मोठी विमानं घेऊन सुरुवात केली आणि त्यातलं एक हँगरमध्ये गेलं, तर अर्धं वेळापत्रक कोसळतं. त्यामुळे नवख्या कंपनीने एक्सएलआरकडे बघणं चुकीचं मुळीच नाही. कुठे लावायचं एवढाच प्रश्न आहे. मला विचाराल तर अथेन्स, साधारण ५,१५० किलोमीटर. नैरोबी साडेचार हजार. ते १,६०० मीटर उंचावर आहे आणि विरळ हवेत टेकऑफला वजन घटवावं लागतं, पण अंतर कमी असल्याने टाक्या भरायची गरजच पडत नाही. बाली साडेपाच हजार. या पल्ल्यावर एक्सएलआर काठापासून लांब असतं, कार्गोही थोडाफार घेतं आणि ३०० सीट भरायचं ओझंही नसतं. रोज १९० सीट भरणारा मार्ग आठवड्यात तीनदा ३०० सीट भरणाऱ्या मार्गापेक्षा मला बरा वाटतो, कारण कामासाठी जाणारा माणूस रोजची फेरी बघून तिकीट काढतो.

काठावर राहण्याचा धोका किती खरा आहे, हे एप्रिल २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर इंडिगोला दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंद थांबवावं लागलं. नकाशावर ही शहरं दिल्लीला जवळ आहेत. पण वळसा घालून जायचं अंतर त्यांच्या नॅरोबॉडी विमानांच्या आवाक्याबाहेर गेलं. त्याच काळात वाइडबॉडी, म्हणजे दोन वाटांची मोठी विमानं वळसा घालून, इंधन जास्त जाळून का होईना, युरोपला जातच होती. आपल्या भूगोलात आकाश बंद होणं ही अपवादाची गोष्ट नाही, २०१९ मध्येही काही महिने ते बंद होतं. म्हणून भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या मार्गावर मी युरोपियन प्लॅनरपेक्षा जास्त हातचं राखते.

परिस्थितीवर अवलंबून असणारा भाग म्हणजे प्रवासी कोण आहेत. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई आणि एक्सप्रेसवेने येणारे पुणेकर हे या विमानतळाचं हक्काचं गिऱ्हाईक. पुण्याची धावपट्टी अडीच हजार मीटरच्या आसपास आणि विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे लांबचं विमान पकडायला पुणेकर इकडेच येणार. लंडनच्या बाबतीत यात विद्यार्थी, मुलांकडे निघालेले आईवडील आणि आयटीवाले जास्त दिसतील. विद्यार्थी सप्टेंबरच्या आसपास एकदम निघतात आणि दोन-दोन मोठ्या बॅगा घेऊन निघतात. माणशी १०० किलो हा आकडा त्या महिन्यात कमी पडतो, मी ११० धरते. हेच प्रवासी कामाच्या बैठकीसाठी दोन दिवस जाणारे असते, तर बॅगा हलक्या आणि एक्सएलआरचं गणित थोडं सैल झालं असतं.

तेव्हा उद्या कोणी मला नवी मुंबई-लंडन आखायला सांगितलं, तर मी ७८७-९ मागेन, स्वतःचं नसेल तर दोन मोसमांसाठी भाड्याने. ते मिळणारच नसेल आणि एक्सएलआरच लावायचं असेल, तर नोव्हेंबर ते मार्च २५ सीट बंद ठेवून तिकिटं विकेन आणि कार्गोचं उत्पन्न शून्य लिहून त्यावर मार्ग तगतो का ते पाहीन.

तुम्ही इंजिनीअरिंगचे आहात, तर हे स्वतः करून बघा. एका शीटमध्ये मार्गाचं अंतर, समोरचा वारा, तासाचं इंधन आणि माणशी वजन असे चार रकाने घ्या. वारा जुलैसाठी ताशी २० आणि जानेवारीसाठी ८० ठेवा, अंतर एकदा ७,४०० आणि एकदा ८,००० करा. प्रत्येक वेळी किती प्रवासी उरतात ते लिहा. शीट झाली की इथेच टाका. परतीच्या फेरीचं आणि पावसाळ्यातल्या पर्यायी विमानतळाचं गणित मग आपण त्यातच पुढे जोडू.